उलटा घातलेला बोल्ट

रेडिएटर काढायला वीस मिनिटं लागतात, असं व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं. त्याचं काय जातंय सांगायला. त्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत पाट मांडून जेवायला बसता येईल एवढी जागा होती. आमच्या गाडीत बोट कुठून घालायचं, इथूनच सुरुवात. मी नऊला हात घातला होता आणि आता एक वाजत आला होता.

थांबून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाबांच्या फिजिओथेरपीची पहिली वेळ होती. दोन महिने नंबर लावून ती मिळाली होती, चुकली असती तर पुन्हा रांगेत शेवटी. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची डावी बाजू गेली, तेव्हापासून ते फक्त आमच्याच गाडीत बसतात. दाराच्या वरची मूठ उजव्या हाताने धरून स्वतः सीटवर सरकतात. दुसरी गाडी बोलावते म्हटलं तर म्हणाले, "उचलून ठेवायला मी पोतं नाही." आणि आमच्या गाडीचा रेडिएटर गळत होता. गॅरेजवाल्याने चार दिवस सांगितले. मग काय, नवा रेडिएटर खोक्यात घालून घरी आणला आणि बाह्या सरसावल्या.

खरं तर बाबांना जायचंच नव्हतं. "रद्द कर," परवाच म्हणाले होते. "आता काय व्हायचंय त्या हाताचं." त्यांना कसंबसं तयार केलं होतं. गाडीच बंद राहिली असती तर त्यांना आयतंच निमित्त मिळालं असतं.

पाणी काढलं, वरचा-खालचा पाइप सोडवला, पंखा उचलून बाहेर ठेवला, वरचे दोन बोल्ट काढले. राहिला एक. खालच्या कोपऱ्यात, बॅटरी आणि पत्रा यांच्या सांदीत. दिसत नव्हता, नुसता हाताला लागत होता. तासभर मी त्याच्याशी झटत होते. पाना अर्धा इंच फिरायचा आणि अडायचा. मनगट सोलून निघालं होतं. शेजारचे काका दोनदा येऊन "गॅरेजला द्यायची ना" म्हणून गेले. दुसऱ्या वेळी मी पाना हातात घेऊनच वळले, तेव्हा त्यांना घरचं काहीतरी काम आठवलं.

बाबा अंगणात खुर्चीवर बसून बघत होते. मध्येच त्यांनी उजवा हात वर केला. मी पाणी नेऊन दिलं. परत हात वर केला, तेव्हा खुर्ची सावलीत ओढली. तिसऱ्यांदा केला, तेव्हा पाठीला उशी लावली. त्यांचं बोलणं शाबूत आहे, पण एकेक शब्द यायला वेळ लागतो, आणि तेवढा धीर माझ्याजवळ कधीच नव्हता. शब्द यायच्या आत मी वस्तू आणून देते.

मग पाना सटकला आणि बोटाचं पेर पत्र्यावर आपटलं. मी तो अंगणात भिरकावला.

"कुठल्या गाढवाने हा बोल्ट बसवलाय, त्याला एकदा भेटायचंय मला."

"भेट," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मीच... बसवलाय."

मी पाना उचलायला निघाले होते, ती वळले.

"उलटा आहे. डोकं पलीकडे. तू तासभर... नुसता नट फिरवतेयस."

"मग सांगायचं नाही का?"

"तू बोलू कुठे देतेस? पाणी दिलंस. उशी दिलीस."

बाबा डावखुरे. वीस वर्षं ही गाडी त्यांच्याशिवाय कोणी उघडली नव्हती, म्हणून त्यांनी तो बोल्ट स्वतःच्या हाताच्या सोयीने मागून घातला होता. मला रडूच आलं. बोल्टचा राग, त्यांचा राग, आणि सगळ्यात जास्त माझा.

"आता कसा काढू ते सांगा," मी म्हटलं.

त्यांनी उजव्या हाताने हवेत फिरवून दाखवायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबले. पुन्हा केलं, पुन्हा थांबले. मग मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे बघून म्हणाले, "ह्याला माहीत होतं. मला नाही."

यावर देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मी बादली पालथी घातली आणि त्यांच्यासमोर बसले. ते डोळे मिटून आठवत होते. किती वेळ गेला कोण जाणे, पण मी उठले नाही.

"डावा हात घाल," ते शेवटी म्हणाले. "दिव्याच्या मागून. कोपर वर... हं. आता अंगठा. पाना... आपल्याकडे ओढ."

माझा डावा हात कशाच्याच उपयोगाचा नाही. त्याला साधी भाजी चिरता येत नाही. दहा वेळा पाना हातातून पडला, दहा वेळा मी खाली आडवी होऊन तो शोधला. अकराव्या वेळी बोल्ट करकरला आणि ढिला झाला. तीन वाजता जुना रेडिएटर वाळकी पानं आणि मेलेले किडे घेऊन बाहेर आला. नवा खाली सोडला, वरचे दोन बोल्ट लावले. मग तो तिसरा हातात घेतला.

"हा आता सरळ घालते," मी म्हटलं. "पुढच्या वेळी ही शिक्षा नको."

बाबा काहीतरी म्हणायला लागले. मी थांबले.

"होता... तसाच घाल."

"अहो बाबा, तीन तास गेले माझे त्याच्यापायी. पुढच्या वेळी काय करायचं?"

"पुढच्या वेळी," ते म्हणाले, "मी काढणार."

मी डोकं बॉनेटखाली घातलं, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसायला नको. बोल्ट उलटा घालायला पाऊण तास लागला.