पिंपळाखालचं वाक्य

इंग्रजीच्या वर्गात चतुराबाईंनी वाक्य म्हणायला नकार दिला, तेव्हा बाकीच्या बायकांना आधी वाटलं, जीभ वळत नसेल. पण चतुराबाई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "येतं मला. पण ते खोटं हाय. चातुर्मासात खोटं बोलायचं न्हाई, असा नेम धरलाय मी."

दर चातुर्मासात त्या काही ना काही सोडायच्या. एका वर्षी वांगं, एका वर्षी कांदा-लसूण, एका वर्षी जेवताना मौन. सोडता सोडता ताटात सोडण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा यंदा त्यांनी जिभेलाच हात घातला. वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं ते. शेजारीण नवं लुगडं दाखवून कसं दिसतंय विचारायची, विहीण फोनवर आठ दिवस राहायला येऊ का म्हणायची. अशा वेळी चतुराबाई नुसतं 'रामकृष्णहरी' म्हणून वेळ निभावून न्यायच्या.

तर अशी बाई इंग्रजीच्या वर्गात गेली कशी? पहारा द्यायला. सून भक्ती बी.ए. झालेली. परभणीतल्या एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायची, फोन घ्यायची जागा निघाली होती. दिवाळीनंतर मुलाखत होती आणि ती इंग्रजीत. गावातल्या शाळेच्या खोलीत संध्याकाळी बायकांसाठी वर्ग चालायचा, तिथं जायचं भक्तीनं मनावर घेतलं. सासरे दिनकरराव म्हणाले, जाऊ दे, पण सासू बरोबर असल तर. मग चतुराबाई जपमाळ घेऊन शेवटच्या बाकावर बसू लागल्या. माळेचे मणी फिरत राहिले आणि कान आपलं काम करत राहिले. एके दिवशी सगळ्या अडल्या असताना मागून बरोबर उत्तर आलं. त्या दिवसापासून माळ पिशवीत गेली आणि बाई पुढच्या बाकावर आल्या.

वर्ग घ्यायची संघप्रिया. गावातलीच, बौद्धवाड्यातली. दिवसभर परभणीत शिकवणीचे तास घ्यायची, संध्याकाळी पिंगळीला रेल्वेतून उतरून स्कूटीवर गावात यायची आणि घरी पाणीसुद्धा न पिता खडू हातात घ्यायची. तिच्या वर्गात एकच दंडक होता. इथं कुणी मालकीण नाही, काकी नाही, वहिनी नाही. जिला तिला नावानं हाक मारायची. बौद्धवाड्यातलीच सरजाबाई, जी चतुराबाईंच्याच रानात वर्षानुवर्षं खुरपायला यायची, तिला त्यांना 'चतुराबाई' म्हणायला पहिल्यांदा घाम फुटला होता.

त्या दिवशी धडा फुरसतीचा होता. पुस्तकात बर्फावरून घसरणारी माणसं होती, निळ्या पाण्याचे तलाव होते. संघप्रियानं पुस्तक मिटलं आणि फळ्यावर आपलं गाव काढलं. आपल्या गावात लोक फुरसतीत कुठं जातात ते सांगा, म्हणाली. बायकांनी भराभर सांगितलं. फाट्यावरचं हॉटेल. शाळेमागं पोरांचं व्हॉलीबॉल. तालीम. पिंपळाचा पार, तिथं पत्ते. फळा भरला. मग तिनं विचारलं, यातल्या कोणत्या जागी तुमी जाता?

बायका फळा पुन्हा वाचू लागल्या.

"फुरसत म्हणजे," सरजाबाई म्हणाली, "ताप आल्यावर भेटती ती."

हशा झाला. संघप्रियाही हसली, पण वाक्य शिकवायचंच होतं. तिनं फळ्यावर लिहिलं, 'संध्याकाळी मी मैत्रिणींबरोबर झाडाखाली बसते,' इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. एकेकीनं म्हटलं. चतुराबाईंपाशी येऊन गाडं अडलं.

"नुसतं म्हणायचंय," संघप्रिया समजावत म्हणाली. "सरावासाठी."

"सरावानंच तर खोटं अंगवळणी पडतं, माय."

मग संघप्रियानं तोड काढली. बसत नाही, असं म्हणा. तेवढा नकार घालून चतुराबाईंनी वाक्य म्हटलं, "आय डू नॉट सिट अंडर द ट्री," आणि ते खरं असल्यामुळं चांगलं ठणठणीत म्हटलं. मग बाकीच्यांनीही तसंच म्हटलं. पण सगळ्यांनी मिळून म्हटल्यावर ते वाक्य खोलीत काही वेगळंच वाजलं. कुणी हसलं नाही. घरी येताना भक्ती म्हणाली, "आत्याबाई, आपण तर रोज त्या झाडापाशी जातो की."

रोज जात होत्या. लग्न होऊन आल्यापासून, रविवार सोडला तर एकही सकाळ चतुराबाईंनी पिंपळाला पाण्यावाचून ठेवली नव्हती. बाळंतपणं आणि शिवाशिवीचे दिवस सोडून प्रदक्षिणा चुकली नव्हती. पारावर तेव्हाही चार माणसं बसलेली असायची. बाई फेरीला आली की ती पाय वर घ्यायची आणि फेरी पुढं गेली की पुन्हा सोडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या हातात घेऊन फिरताना चतुराबाईंनी पहिल्यांदा ते पाय पाहिले. वर जाणारे, खाली येणारे. इतकी वर्षं आपण या झाडाभोवती फिरलो, पण त्याच्या सावलीत टेकलो नाही. देवाला पाठ लागू नये म्हणून गोल फिरतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण बसू नये, असं कुठल्या पोथीत लिहिलंय, ते काही केल्या आठवेना.

संध्याकाळी वर्गाला जाताना त्या पारापाशी थांबल्या. पारासमोरून जाताना बाईनं पायात चपला ठेवायच्या नाहीत, या गावच्या रिवाजाप्रमाणं चपला हातात होत्या. त्या खाली ठेवल्या. झाडाला नमस्कार केला, पदर सावरला आणि पाराच्या कडेवर बसल्या.

पत्ते थांबले. पार ज्याच्या दमावर चालायचा तो महारुद्र, नात्यानं पुतण्या, चटकन उठला. "काकू, चक्कर आली का? आरं, पाणी आना."

कुणीतरी तांब्या आणला. कुणी भक्तीला दटावलं, की सासूला अशी दमवत चालवतेस कशाला. चतुराबाईंनी पाणी घेतलं, कारण पाण्याला नाही म्हणू नये.

"चक्कर न्हाई आली," त्या म्हणाल्या. "बसले."

"बसलाव म्हंजे?"

"म्हंजे बसले, बाबा. तू बसलास तशी."

आजारी बाई बसलेली चालते, धडधाकट बाई बसली की तिचं करायचं काय, हे महारुद्राला कुणी शिकवलं नव्हतं. चतुराबाई वाऱ्यावर वाजणारी पानं ऐकत थोडा वेळ बसल्या आणि वर्गाची वेळ झाली तशा उठून गेल्या.

वर्गात त्या उभ्या राहिल्या आणि वाक्य म्हटलं. पण इंग्रजीत मैत्रिणी झाडानंतर येतात, त्यांच्यापाशी येऊन थांबल्या. "झाडाखालपर्यंत खरं हाय. पुढं मैत्रिणी न्हवत्या. भक्ती तर उभीच होती."

मागून सरजाबाई म्हणाली, "मग उद्या आमी येतो."

ती सहज बोलली का मुद्दाम, कोण जाणे. पण सगळ्याजणींच्या माना तिच्याकडं वळल्या. सरजाबाईच्या सासऱ्याला त्या पारासमोरून मान खाली घालून जावं लागायचं, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. काळ पालटला होता, कायदा पालटला होता, बौद्धवाड्यातली पोरं मोठ्या हुद्द्यांवर गेली होती, पण बौद्धवाड्यातलं कुणी जाऊन त्या पारावर टेकलेलं अजून कुणी पाहिलं नव्हतं. चतुराबाईंच्याही मनात क्षणभर काहीतरी दचकलं. आपण ज्याला रोज पाणी घालतो तो देव, आणि त्याच्या पारावर सरजा. मग त्यांना त्या दचकण्याचीच लाज वाटली.

"या," त्या म्हणाल्या. "मैत्रीण म्हणल्यावर यावंच लागल."

दुसऱ्या दिवशी सात-आठ जणी आल्या. सरजाबाईनं आधी झाडाला हात जोडले, विहारात जोडते तसे, डोळे मिटून. "आमचं बी हाय हे झाड," ती हळूच म्हणाली. "बुद्ध याच्याखालीच बसले हुते." मग ती चतुराबाईंच्या शेजारी बसली. पत्तेवाले उठून गेले. जाताना एक जण म्हणाला, आता आमी घरी जाऊन भाकरी थापतो. सरजाबाईनं शांतपणं सांगितलं, की आधी पीठ चाळून घ्या.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीला कुलूप होतं. महारुद्र शाळा समितीत होता, किल्ली त्याच्याकडं असायची. संघप्रिया मागायला गेली तेव्हा तो म्हणाला, की शिकवायला खोली दिली होती, गाव बिघडवायला नाही. आणि चतुराबाईंच्या घरी जाऊन त्यानं दिनकररावांना गोड शब्दांत वेगळंच सांगितलं. काकूंची काही चूक नाही, भोळ्या आहेत. त्या पोरीनं डोकं फिरवलं. काकूंनी पारावर चार लोकांत एवढंच सांगावं, की मास्तरणीनं बसवलं म्हणून बसले. मग भक्तीसाठी तो स्वतः परभणीहून दुसरा मास्तर बोलावील.

दिनकरराव वाईट माणूस नव्हते. गावात ताठ मानेनं हिंडावं एवढीच त्यांची हौस. रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला. एका वाक्यानं सगळं मिटतंय, म्हणाले. सुनेला नोकरी भेटती. आणि ती पोरगी काय, तिला परभणीत कामं हाईतच की.

चतुराबाई वाढत राहिल्या. भक्ती चुलीपाशी भाकरी थापत होती आणि तिनं वर पाहिलं नाही. चतुराबाईंना तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसता हात दिसत होता. परातीतली भाकरी पातळ होत होत कडेला फाटली, तरी हात थांबला नाही. ही नोकरी पोरीला किती हवी होती, ते त्या हातावरून कळलं. त्या रात्री देवापुढं वात लावताना चतुराबाईंना वाटलं, वांगं सोडणं किती सोपं होतं.

सकाळी त्यांनी सुनेलाच विचारलं. "तू म्हणशील तर मी नेम मोडते. पाप माझं. तू फक्त म्हण."

भक्तीनं डोळ्यांच्या कडा पुसल्या. मग म्हणाली, "आत्याबाई, मुलाखतीत ते विचारतेत, तुमच्याबद्दल सांगा. मी काय सांगू? ज्या बाईनं मला शिकवलं, तिच्या नावावर खोटं रचून आले म्हनू?"

चतुराबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

संध्याकाळी पारावर गाव जमलं होतं. दिनकरराव एका बाजूला, पागोटं नीट बसवून. महारुद्र मधोमध. संघप्रिया स्कूटीजवळ उभी, पर्स पोटाशी धरून. महारुद्र अदबीनं म्हणाला, "बोला काकू. घाबरू नका. तुमाला पारावर कुनी बसवलं?"

चतुराबाईंचा आवाज मुळातच हळू. ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

"कुनी न्हाई. माझी मी बसले. संघप्रियानं तर नुसतं वाक्य शिकवलं. ते माझ्या तोंडात खोटं पडत हुतं, म्हनून मी खरं केलं." त्या थांबल्या. "इतकी वर्षं मी या झाडाला पानी घातलं. तुमी त्याच्या सावलीला बसला, मी कदी हिशोब मागितला न्हाई. आता मी बसनार. रोज. मला उठवायचं आसल तर हाताला धरून उठवा."

महारुद्र दिनकररावांकडं बघू लागला. दिनकरराव जमिनीकडं बघू लागले. चुलतीच्या हाताला धरायची महारुद्राची छाती झाली नाही, आणि तो हात धरायला दुसरं कुणी पुढं येईना. "खोलीची किल्ली भेटनार न्हाई," तो शेवटी म्हणाला.

"नको," चतुराबाई म्हणाल्या. चपला खाली ठेवल्या, नमस्कार केला आणि बसल्या. शेजारची जागा हातानं झटकली. "ये, सरजा. संघप्रिया, खडू आनलास का?"

खडू पर्समध्ये होताच. सरजाबाई बसली. भक्ती बसली. मग एकेक करत वर्गातल्या बाकीच्या, काही डोक्यावरचा पदर दातात धरून, काही सरळ. संघप्रियानं पाराच्या शहाबादी फरशीवर मोठ्या अक्षरांत ते वाक्य लिहिलं. जिथं पत्त्यांचा डाव पडायचा, बरोबर तिथं.

दिनकरराव जवळ आले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "झालं न्हवं? आता घरी चल."

"तास संपला की येते," चतुराबाई म्हणाल्या. "भाकरी झाकून ठेवलीय. वाढून घ्या."

ते गेले. रागानं का कसे, ते त्यांच्या पाठीवरून कळलं नाही. महारुद्र पाराच्या दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून बसून राहिला. उठून गेला असता तर पार सोडल्यासारखं झालं असतं. वरून एक पिकलं पान गळून अक्षरांवर पडलं, ते भक्तीनं बाजूला केलं.

"म्हना चतुराबाई," संघप्रिया म्हणाली.

चतुराबाईंनी आधी इकडं-तिकडं पाहिलं. झाड होतं. संध्याकाळ होती. सरजाबाईचा खरबरीत कोपर आपल्या कोपराला लागलेला होता. सगळं तपासून झाल्यावर त्यांनी वाक्य म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता. नेहमीच्याच हळू आवाजात. तरी पाराच्या त्या टोकाला बसलेल्या महारुद्रानं पाय वर घेतले.