डाव्या बाजूचा फोटो

संघदीपची काळीपिवळी सहा महिने घरासमोर नुसती उभी होती, आणि शनिवारी भंगारवाला येऊन ती कापून नेणार होता. त्याआधी कुणी चालवायला घेणारा मिळाला तर ठीक. नाहीतर दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर दहा वर्षं माणसं वाहिलेल्या जीपचा पत्रा किलोवर जाणार. संघदीपचं बायकोकडे मागणं एवढंच होतं, "रुपा, धावती जाऊ दे तिले. कापू नको देऊ."

त्याला स्वतःला ती आता चालवता येत नव्हती. काचबिंदूनं चौतिसाव्या वर्षी त्याचे डोळे नेले. उजेड कुठून येतो आणि सावली कुठं पडते, एवढंच काय ते त्याला उरलं होतं.

म्हणून रुपालीनं मोबाइलवर फोटो काढले. दीड वर्षाची पायल दुपारी बारा ते एक झोपायची, तेवढीच काय ती वेळ तिच्या हाताशी. गाडीचा फोटो तिनं आयुष्यात एकच नीट पाहिला होता, घरातल्या भिंतीवरचा: जीप घरी आली त्या दिवसाचा, बोनेटवर हार, शेजारी संघदीप हसत उभा. तिनंही बाजारातून झेंडूचा हार आणला, बोनेटवर घातला, चार फोटो काढले आणि जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकले.

खाली लोकांनी लिहिलं, "गाडी गेली का डायवर?" दुसऱ्यानं विचारलं, "तेरवी कधी हाय?"

"काय म्हणून राह्यले लोक?" संघदीपनं विचारलं.

"पाहून राह्यले," ती म्हणाली.

संध्याकाळी ती गाड्या दुरुस्त करणाऱ्या वाहिद मिस्त्रीच्या घरी गेली. वाहिदची पोरगी गझाला लग्नाचे फोटो काढायची. तिनं फोन हातात घेतला नि कपाळावर हात मारला.

"या अल्ला! भाभी, हार कायले घातला?"

"गाडीले घालतात ना?"

"नव्या गाडीले! जुनीले घातला तं मयत दिसते." मग तिनं बोटानं एकेक चूक दाखवली. "हे भर बाराचं ऊन. वरून पिवळा टप चमकते, खाली सारा काळोख. हा लाइटीचा खांब पाहा, टपातून उगवला. अन् दारात हे काय? पायलचे लंगोट!"

खरंच. काळ्या दारात दोरीवरचे लंगोट सगळे ओळीनं वाळत होते. रुपालीला हसू आलं, आणि त्याच्यामागून रडूही.

"काळी गाडी म्हणजे आरसा, भाभी. तिच्यात काय दिसून राह्यलं ते आधी पाहा. मागं साधी भिंत घ्या. जवळून नका काढू, गाडीचं नाक फुगते. चार पावलं मागं जा. अन् बसा खाली, हेडलाइटच्या उंचीवर. समोरच्या कोपऱ्यातून काढा, तोंड बी आलं पाह्यजे, बाजू बी. दिवस निघायच्या आधीचा उजेड घ्या. अब्बाले सांगते, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपाशी लावून देतील."

गुरुवारी पहाटे वाहिदनं जीप जिनिंगच्या लांब भिंतीसमोर लावून दिली, तोंड उगवतीकडे, आणि तो चहाला गेला. झोपलेल्या पायलला रुपालीनं मधल्या सीटवर दुपट्ट्यात गुंडाळून ठेवलं. संघदीप दाराला हात लावून उभा होता. त्यानं कालच बादलीभर पाण्यानं सारी गाडी चाचपत धुतली होती.

आभाळ राखाडी होतं. त्या मऊ उजेडात जीप पहिल्यांदाच नीट दिसली; काळा रंग काळा, पिवळा पिवळा. रुपाली धुळीत बसली. पायल उठायच्या आत आटपायचं होतं.

"जरा मागं सरा हो. दारात दिसून राह्यले तुमी."

"घे," तो हसला. "मले गाडी नाही दिसत, अन् मी गाडीत दिसतो."

तो सरला. तिनं उजव्या बाजूचे दोन फोटो काढले, मग तोंडाचा. चांगले आले. तिला वाटलं, आता हिला कोणी नाही म्हणणार नाही.

मग ती डाव्या बाजूला आली, आणि तेवढ्यात समोर दिवस निघाला. पहिलं ऊन पत्र्यावरून आडवं सरपटत मागं गेलं आणि त्या उन्हात डावी बाजू उघडी पडली. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत ओरखडेच ओरखडे. एकावर एक. काही खोल, काही बोटभर रुंद, आणि सगळ्यांवर ब्रशनं काळा रंग फासलेला. घरासमोर डावी बाजू भिंतीकडे असायची. तिनं हे कधी पाहिलंच नव्हतं.

फोन तिच्या हातात तसाच राहिला.

"डाव्या बाजूचा काढला काय?" पलीकडून संघदीपनं विचारलं. आवाज खाली होता.

"हे केव्हाचं हाय?"

"दोन वर्सं. आधी डाव्या डोळ्याची कड गेली. खांब दिसे नाही. लागला की रात्री घरी येयाच्या आधी रंग मारो."

दोन वर्षं. रुपालीनं मनात मोजलं. पायल पोटात होती तेव्हा तपासायला तो तिला याच गाडीतून यवतमाळला न्यायचा. मागं दहा-बारा माणसं. ती घरूनच उजव्या दारानं चढून डाव्या खिडकीशी बसायची, वारा लागतो म्हणून.

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू चालवू दिली असती?"

आत पायल कुरकुरली.

"काढ," तो म्हणाला. "लपवून लपवून मी डोळे घालवले. आता गाडी बी लपवूनच देऊ काय?"

पुढं होऊन ती सावली करून घेऊ शकली असती. ढगाची वाट पाहिली असती तर रेघा बुजल्या असत्या. ती चार पावलं मागं गेली, खाली बसली आणि त्याच उन्हात फोटो काढला.

घरी येऊन तिनं डाव्या बाजूसकट सगळे फोटो ग्रुपवर टाकले. तेरवीचं विचारणारे आता चूप होते. शुक्रवारी दुपारी एक फोन आला, फुलसावंगीचे देवीलाल.

"बाई, डायवर दारू पेत होता काय?"

"नाही जी. डोळे गेले त्यायचे."

"अन् फोटो कायले टाकला तो?"

"हाय ते हाय," ती म्हणाली.

देवीलाल शनिवारी सकाळीच आले, भंगारवाल्याच्या आधी. इंजिन ऐकलं, चाकं पाहिली, डाव्या पत्र्यावरून तळहात फिरवला. "बाकीचे एकच बाजू दाखवतात," एवढंच म्हणाले. संघदीपनं किल्ली दिली. देताना बोटं लवकर सुटली नाहीत.

जीप निघाली. रुपाली पायलला कडेवर घेऊन ओट्यावर उभी राहिली. शेजारी संघदीप, मान थोडी वाकडी करून, कान तिकडे.

"पयला," तो पुटपुटला. "आता दुसरा टाकन." गिअर बदलल्याचा आवाज आला. "कोपऱ्यावर खांब हाय."

जीप डावीकडे वळली.

"लागली काय?"

"नाही," रुपाली म्हणाली. "नाही लागली."

तो ऐकत राहिला. आवाज केव्हाच संपला होता. तिनं त्याचा हात धरला नाही, सोडूनही गेली नाही. पायल मात्र रिकाम्या जागेकडे बोट दाखवून पप्पाची गाडी मागत राहिली.