दाखवायचा शाळू

घरखर्चाच्या पाहणीत घरातला पुरुष महिन्याचा खर्च अंदाजानं सांगतो आणि तोच कागदावर उतरतो, हे विजयमालेला कधी पटलं नव्हतं. सांगलीच्या कचेरीत ती ही माहिती गोळा करायच्या कामावर होती. तिनं साहेबांना सुचवलं, "विचारण्यापेक्षा तोलून बघू. रोज सकाळी घरात जायचं आणि दिवसाला शिजणार तेवढं धान्य तोलायचं."

साहेबांना ते आवडलं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, ऐन दुष्काळात, त्यांनी तिला विट्याजवळच्या एका गावी ही पद्धत करून बघायला पाठवलं.

पहिल्याच आठवड्यात ती चक्रावली. रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारीशिवाय काही मिळत नव्हतं आणि इथं घरोघर तागडीत पांढरा शाळू जोंधळा पडत होता. तोही पोटभर होईल एवढा.

एकदा तानुबाईच्या घरचं तोलून ती बाहेर पडली आणि विसरलेली छत्री घ्यायला परत फिरली. तानुबाई नुकताच तोललेला शाळू टोपलीत घेऊन मागच्या दारानं शेजारी निघाली होती.

"तानुबाई, हा शाळू कुणाचा?"

तानुबाई जागीच थांबली. "वाड्यावरच्या लालासाहेबांच्या घरचा. आमी समद्याजणी त्योच दावतो. मग माघारी द्यायचा."

"पण कशाला?"

"आवं बाई, तुमी तागडी घिऊन चुलीपतोर येणार. रिकामी तागडी दावायची व्हय? आमचं मालक कलकत्त्याला सोनं गाळायच्या दुकानात हाईत. गावाला वाटतंय पैसा येतोय. कवापास्नं कागुद सुदिक न्हाई."

"मग खाता काय?"

"खडी फोडायच्या सरकारी कामावर भाजल्या पिठाची सुकडी मिळती. ती पदरात बांधून आणतो. ह्ये तेवढं ल्हिऊ नगा."

विजयमालेनं साहेबांना सगळं सांगितलं. साहेब आकड्यांवरून बोट फिरवत होते.

"घरोघरचे आकडे कसे जुळतात बघा. इतकी चोख माहिती आजवर आली नव्हती."

"जुळणारच, साहेब. धान्य एकच आहे."

"बायका तसं लिहून देतील?"

ती परत गावी गेली. एकही बाई कबूल झाली नाही. शेजारच्या बायडाबाईनं तर तिला बघून दारच लावून घेतलं.

आकडे तसेच वरच्या कचेरीत गेले. या गावात धान्याची ददात नाही, असं ठरलं आणि कामावरची सुकडी जास्त गरजू गावांकडे वळवली गेली. तोलायची पद्धत मात्र सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांसाठी मंजूर झाली.

विजयमाला तानुबाईकडे गेली तेव्हा दिवस वर आला होता, तरी चूल पेटलेली नव्हती.

"सुकडी माझ्यामुळं बंद झाली," ती म्हणाली.

"न्हाई वो. आमीच दावलं न्हवं?" तानुबाईच्या आवाजात राग नव्हता. तिनं विचारलं, "आता तागडी परत यायची का?"

"येणार. सगळ्याच गावांत."

"मग लालासाहेबांच्यात शाळूचं सांगून ठिवाय पायजे."

पुढच्या सोमवारी विजयमाला साताऱ्याला गेली. तिथं कामावर घेतलेल्या नव्या मुलींना धान्य कसं तोलायचं ते शिकवायचं होतं.