साखळीतलं पहिलं घर

माझी वेटोळी वायर बघून हसू नका, मित्रांनो. मी एक जुना फोन आहे, बोट घालून आकडे फिरवायचा. सास्काचेवान प्रांतातल्या एका छोट्या गावात, आगाथा फ्रीसनच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी चाळीस वर्षं आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा चकचकीत हिरवा होतो. आता पावाचं पीठ माझ्या तबकडीत कायमचं बसलंय, आणि मला त्याचा अभिमान आहे.

कारण आमच्या चर्चची प्रार्थनेची साखळी माझ्यापासून सुरू व्हायची. कुणी आजारी पडलं, कुणाचा गहू गारांनी झोडपला, की निरोप आधी आगाथाकडे यायचा. ती दुसऱ्या घरी कळवायची, दुसरं घर तिसऱ्याला, अशी नऊ घरं. नववं घर नव्वदीच्या हाइन्रिख आजोबांचं. त्यांनी तो निरोप परत आगाथाला वाचून दाखवायचा, असा कडक नियम होता. कारण एकदा आमच्या चर्चमधल्या पेटरचा पाय मुरगळला, आणि सातव्या घरी पोचेपर्यंत तो पाय कापूनही झाला होता! लोक सूप आणि कुबड्या घेऊन धावले, तर पेटर छपरावर खिळे ठोकत बसलेला.

आगाथा सगळ्यांना धीर द्यायची. "अगं, चिंता प्रभूच्या पायाशी ठेव आणि चार घास खाऊन घे," हे मी हजारदा ऐकलं असेल.

मग एका मंगळवारी तिच्या नवऱ्याच्या, याकोबच्या फुप्फुसात डॉक्टरांना डाग दिसला. रिपोर्ट शुक्रवारी येणार होता. बुधवारी सकाळी आगाथाने मला चारदा उचललं आणि चारदा ठेवलं.

"सुझानाला सांग की," याकोब म्हणाला. सुझाना म्हणजे साखळीतलं दुसरं घर.

"काय सांगू? साखळी धरणारीच घाबरली म्हणून? इतकी वर्षं लोकांना फुकटचा उपदेश करत होते का मी?"

"मग तूच कर प्रार्थना."

"होत नाहीये रे. डोळे मिटले की तो डागच दिसतो."

मला फार वाईट वाटलं. सगळ्या गावाची दुःखं माझ्यातून गेली, पण माझ्या घरातलं दुःख बाहेर पडेना.

दुपारी तिने पाचव्यांदा मला उचललं. या वेळी आकडा फिरवला.

"सुझाना, लिहून घे. आगाथासाठी प्रार्थना करा. ती घाबरली आहे. तिला प्रार्थना करता येत नाहीये."

"कुठली आगाथा?"

"मीच गं बाई! गावात दुसरी आहे का?"

पलीकडे कागदावर पेन्सिल खरखरली. मग सुझाना म्हणाली, "शब्दन् शब्द पुढे देते."

तासाभराने मी खणखणलो. हाइन्रिख आजोबांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते ओरडूनच वाचायचे. "आगाथासाठी प्रार्थना करा! ती घाबरली आहे! तिला प्रार्थना करता येत नाहीये!" मग म्हणाले, "आता नियमाबाहेरचं एक बोलतो, पोरी. आम्ही आठ घरं लागलोय कामाला. तू नुसती बस. आजची तुझी प्रार्थना आम्ही करतो."

माझी वायर ताणत आगाथा खाली फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. आजोबांनी फोन ठेवला नाही. ते तसेच मोठ्या आवाजात देवाशी बोलत राहिले. शेवटचं 'आमेन' तिनेही म्हटलं. मग उठून ती याकोबबरोबर जेवायला बसली, दोन दिवसांत पहिल्यांदाच. शुक्रवार अजून यायचा होता. डागही तिथेच होता. पण तिने चार घास नीट खाल्ले.

याकोबचं आजारपण लांबलं. भीती पुन्हा पुन्हा आली, आणि आली की आगाथा सरळ मला उचलायची. शेवटी याकोब बरा झाला.

आता आगाथाही निरोप मोबाइलवर पाठवते. माझी लाइन कधीच काढून टाकली. शेजारची मुलं मला खेळणं समजतात हो! पण दर शनिवारी याकोब ओल्या फडक्याने मला पुसतो. तबकडीतलं पीठ मात्र तो राहू देतो.

तेव्हा मित्रांनो, माझी काळजी घ्यायला तो आहे. तुम्ही तुमची घ्या. भीती वाटली तर देवाला सांगा. सांगायला तोंड उघडत नसेल, तर तुमच्या वतीने सांगणारं कुणीतरी गाठा. पहिला आकडा फिरवणंच काय ते जड जातं.