दिशा बदलून बघ

मशीनच्या बोगद्यात सर आडवे झाले आणि काचेच्या अलीकडे त्यांची विद्यार्थिनी चिमणी खुर्ची पुढे ओढून बसली.

ती सरांची रीतच होती. एमआरआय मशीनने काय, कधी करायचं ते सांगणारा कोड, म्हणजे या मंडळींच्या भाषेत सिक्वेन्स, नव्या पोराने पहिल्यांदा लिहिला आणि तो सुरक्षेच्या तपासण्यांतून पार पडला, की त्याखाली पहिलं डोकं सरांचं. "स्वयंपाक मी शिकवला, मग पहिला घास दुसऱ्याला का?" असं म्हणायचे. शिकवायचेही तसंच, रंगून. "शरीरातल्या पाण्याला हाक मारायची, पोरांनो. मग गप्प राहायचं आणि त्याची ओ ऐकायची. तुम्ही नुसत्या हाका मारत सुटता!"

चिमणी हे टोपणनाव त्यांनीच ठेवलेलं, ती एका बोटाने कीबोर्डच्या कळा टिपते म्हणून. तिचा सिक्वेन्स पाण्याच्या बाटलीवर लख्ख चालला होता. सरांनी त्यावरही टोमणा मारला होता, "बाटली गुणी बाळ आहे. डोळे फिरवत नाही, तिची नाडी उडत नाही. जिवंत डोक्यावर कळेल, तू किती पाण्यात आहेस."

मघाशी आत जाताना त्यांच्या डाव्या हातातून चष्म्याचं घर निसटलं. काल चहाचा पेला निसटला होता.

"हाताला वय झालं," सर हसले.

"हाताला एकट्यालाच?" मशीन चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्या सरांना काहीही बोलू शकत.

मशीन ठेक्यात ठोकू लागलं. पडद्यावर चित्र उमटलं. डोळ्यांची फिकट भुतं, म्हणजे खोट्या प्रतिमा, नाकापासून कानापर्यंत रांगेत उभी होती; डोळा हलला की होतंच ते. पण उजव्या बाजूला, कानाच्या वर, एक पांढरा डाग होता.

"चुकलं माझं काहीतरी," चिमणी म्हणाली.

मावशी पडद्याकडे वाकून बघू लागल्या. तिला ते आवडलं नाही.

तिने कोड उघडला. हाकेनंतरची उरलीसुरली कुजबुज पुसून टाकणारी ओळ कमी पडली असेल. तिने ती वाढवली. डाग तसाच. हाकेचा जोर कमी केला. चित्र काळवंडलं, पण डाग जागचा हलला नाही. जन्मात पहिल्यांदाच तिने असं काही मागितलं: देवा, चूक माझीच निघू दे. पोरांसमोर हसं होऊ दे, पुन्हा बाटलीपासून सुरुवात करू दे, पण चूक माझीच असू दे.

"काय गं चिमणे, झोपलीस का?" माइकवर सरांचा आवाज आला. "इथे गार लागतंय."

"सर, एक डाग येतोय. उजवीकडे. माझीच गडबड आहे."



"मग दिशा बदलून बघ की. काय शिकवलं होतं?"

शिकवलं होतं. चित्राची आडवी-उभी दिशा बदलायची. भूत असेल तर नव्या दिशेला पळतं. खरं असेल ते जागचं हलत नाही.

तिचं बोट कळेवर थबकलं. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "दाब, बाळा. न बघितल्याने ते काही जाणार नाही."

तिने दाबलं. ठोके पुन्हा सुरू झाले, या वेळी जरा खालच्या सुरात. चित्र आलं. डोळ्यांची भुतं निमूटपणे आपली रांग सोडून उभी झाली, कपाळापासून मानेपर्यंत.

"हललं का?" सरांनी विचारलं.

"हललं" हा शब्द तिच्या ओठांवर आला. एवढंच म्हटलं तर ते हसत बाहेर येतील, तिला चार शब्द सुनावतील, चहा घेतील. आजचा दिवस तरी निभेल. पण ज्यांनी ऐकायला शिकवलं, त्यांनाच खोटी ओ द्यायची?

"भुतं हलली, सर." तिने डागाकडे पुन्हा एकदा पाहिलं. "डाग... नाही हलला."

ठोके थांबले होते. नुसता मशीनचा पंप चालू होता.

"मग चूक तुझी नाही," सर म्हणाले. "कोड चांगला लिहिलास."

"सर, बाहेर काढते तुम्हाला. डॉक्टरांना..."

"काढशील गं. थांब जरा." आवाज नेहमीचाच होता, फक्त मंद. "दोन्ही चित्रं ठेव. नाव पुसून उद्या पोरांना दाखव. भूत आणि खरं शेजारी-शेजारी असं पुन्हा मिळत नाही."

मावशींनी तोंड फिरवलं. चिमणी नाव पुसायला गेली, पण कळ काही सापडेना.