डांबराखालचं छत

छतावर सतरा भोकं होती. अकरा डाव्या पन्हळीत, चार उजव्या पन्हळीत आणि दोन पुढच्या काचेच्या वर. सगळ्यात मोठ्यातून माझा अंगठा आरपार जात होता, सगळ्यात लहानातून जेमतेम टाचणी. डांबराखाली झाकलेली यात धरलेली नाहीत.

छत आजोबांच्या हिरव्या पिकअपचं. गाडी ऑर्लिनमामांच्या वर्कशॉपमध्ये उभी होती आणि आजोबा बाहेर अंगणात, स्वतःच्या मोटारीत, काचा लावून बसले होते. ऑर्लिनमामा माझ्या आजीचे, सिग्नेचे, धाकटे भाऊ. खरं तर बाबांचे मामा, पण घरात सगळेच त्यांना मामा म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा ट्रक बिघडला म्हणून आजोबांनी हा पिकअप दोन हिवाळे त्यांना वापरायला दिला. मामांकडे तेव्हा शेड नव्हती. गाडी दोन्ही हिवाळे बर्फात उभी राहिली. परत आली त्याच वसंतात छत गळायला लागलं, आणि आजोबांनी मामांच्या घरी पाऊल टाकणं सोडलं.

भांडण असं झालंच नाही. आमच्या रेड रिव्हरच्या खोऱ्यात कोणी आवाज चढवत नाही, नुसतं जाणं-येणं बंद होतं. त्याची शिक्षा आजीला झाली. दर नाताळला ती दोनदा रांधायची: दुपारी भावासाठी, रात्री नवऱ्यासाठी. तोच भिजवलेला कॉड मासा, त्याच बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्सा. या वर्षी तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. सप्टेंबरमध्ये तिनं आजोबांना सांगितलं, "मी आता एकदाच रांधणार. कोण येतं, कोण येत नाही, ते तुमचं तुम्ही बघा." दुसऱ्या दिवशी तिनं बीट वाहणाऱ्या शेजाऱ्याच्या ट्रेलरवर पिकअप चढवला आणि भावाकडे पाठवून दिला. पातळ पत्र्याचं काम करणारा जिल्ह्यात दुसरा कोणी उरलेला नाही, त्यामुळे आजोबांना नाही म्हणता येईना.

मी नुकतीच धातूशास्त्राची पदवी घेऊन घरी आले होते. गंजाबद्दल परीक्षेत लिहिलं होतं, तो खरवडला कधीच नव्हता.

"मारित, नुसती मोजत बसू नको," मामा म्हणाले. "मोजून भोकं बुजत असती तर मी शाळामास्तर झालो असतो."

"आजोबा आत का येत नाहीत?"

"दाजींना मोटारीतला हीटर आवडतो." त्यांनी चष्मा चढवला. "जा, कॉफी विचारून ये. तीनदा विचार. दोनदा ते नाहीच म्हणतील, ती रीत झाली. तिसऱ्यांदाही नाही म्हणाले, तरच ते खरंखुरं 'नाही'."

मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदाही नाहीच आलं.

डांबर काढायचं काम माझ्याकडे आलं. आजोबा दर शरद ऋतूत कोठाराच्या छपराला डांबर लावायचे, आणि डबा उघडाच आहे म्हणून एक हात पिकअपच्या पन्हळीतल्या सांध्यावरही फिरवायचे. इथले निम्मे शेतकरी तसंच करतात. माया असते ती. मी हवेच्या गरम झोतानं डांबर मऊ करून पट्टीनं उचलत होते, आणि डाव्या कोपऱ्यात बोटभर जाडीचा एक तुकडा अख्खा सुटून आला. गरम पात्यानं कापला तर आत थर दिसले. दोन थरांच्या मध्ये केसाएवढी राखाडी रेघ होती, वर्षभराची शेतातली धूळ. वरून सातवी रेघ बाकीच्यांच्या तिप्पट जाड होती.

ती पाहून मला आधी आनंद झाला, कारण ती ओळखता येत होती. मामांकडच्या दोन हिवाळ्यांत डांबर लागलंच नव्हतं, नुसती धूळ साचली होती. मग मी तुकडा उलटा केला. जाड रेघेच्या बऱ्याच खाली, जुन्या थरांपैकी एक थर पत्र्याच्या भोकात उतरून बुचासारखा गोठला होता. डांबर भोकात उतरलं, म्हणजे भोक आधीपासून होतं. गाडी मामांकडे जायच्या कितीतरी आधीपासून.

पत्राही तेच सांगत होता. वरचा रंग शाबूत होता, कुजला होता तो आतून. ओले कोट, बर्फाचे बूट, हीटरची वाफ, असं सगळं पाणी छताच्या दोन पत्र्यांमध्ये जाऊन थेंब व्हायचं. खाली सांध्यातून त्याला बाहेर पडायची वाट होती. डांबरानं ती बंद केली होती.

मी तुकडा मामांपुढे धरला. त्यांनी तो फार वेळ पाहिला नाही.

"टाक त्या पिंपात."

"मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"गाडी आणली त्याच हिवाळ्यात गळली माझ्या मांडीवर."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. परत द्यायला गेलो तर दाजी छताला हात लावून रडवेले झालेले. त्या माणसानं आयुष्यात एवढी काळजी दुसऱ्या कशाची घेतली नाही. त्याला काय सांगू, तुमच्या काळजीनंच छत खाल्लं म्हणून?" त्यांनी ग्राइंडर उचलला. "मला एकट्यानं कॉफी प्यायची सवय झालीय."

"आणि आजीला?"

मामांनी ग्राइंडर परत बाकावर ठेवला.

"विचारलं तर सांग," ते म्हणाले. "आपण होऊन नको."

पुढचे दिवस कुजका पत्रा कापून काढण्यात आणि नवे तुकडे बसवण्यात गेले. मामा एक टाका इथे घालत, दुसरा हातभर लांब, मध्ये ओलं फडकं दाबत. सलग वेल्डिंग केलं तर एवढा रुंद पत्रा तापून पापडासारखा फुगतो. पन्हळीत त्यांनी पाणी निघायला बारीक फटी सोडल्या. आजोबा रोज येत, मोटारीत बसत आणि जेवायच्या वेळी निघून जात.

शेवटच्या पट्टीला प्रायमर लावत होतो, तेव्हा ते आत आले. टोपी काढली नाही. छताभोवती एक फेरी मारली, वेल्डिंगवरून बोट फिरवलं.

"वाईट नाही," ते म्हणाले. यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडे नाही.

"बसा, दाजी."

"उभा बराय." मग माझ्याकडे वळले. "एवढं डांबर काढलंस. खाली काय सापडलं?"

मी मामांकडे पाहिलं. ते ब्रश धुवत राहिले. पिंपात न टाकता खणात ठेवलेला तो तुकडा काढून मी आजोबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो खिडकीकडे नेला आणि जाड रेघेवर नख टेकवलं.

"ही एवढी धूळ कधीची?"

"ते दोन हिवाळे, आजोबा. तेव्हा डांबर लागलं नव्हतं."

त्यांचं नख एकेक थर खाली सरकत गेलं आणि बुचापाशी थांबलं. बुचावर त्यांनी अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी आयुष्यभर मातीचे थर पाहिलेत.

"मी बाहेर बसून होतो," ते शेवटी म्हणाले. कोणाला, ते कळलं नाही.

"हीटर चांगलाय ना तुमच्या गाडीचा," मामा म्हणाले.

"बंद आहे दोन वर्षं."

मामा एकदम हसले. आजोबा हसले नाहीत, पण त्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली.

"ऑर्लिन, कॉफी आहे का?"

"सकाळची आहे. कडू झाली असेल."

"असू दे." ते बाकावर टेकले. "नाताळला रात्री ये. सिग्ने एकदाच रांधणार आहे."

"बघतो."

"बघू नको. ये."

"येतो," मामा म्हणाले आणि कप शोधायला लागले.

प्रायमर आणि सांध्याचं सील वाळल्यावर पाण्याची परीक्षा घ्यायची होती. आतलं अस्तर काढलेलंच होतं. मी एक मोठा टॉवेल सॉसेजचा मसाला मोजायच्या काट्यावर तोलला आणि छताखाली दोऱ्यांनी ताणून बांधला. थोडी ओल हाताला कळत नाही, वजनाला कळते. आजोबा आत जाऊन बसले.

"आजोबा, तुम्ही आत असाल तर श्वासाच्या वाफेनंच एखादा ग्रॅम वाढेल."

"मग काय श्वास घ्यायचा सोडू? मी बघणार, कुठून येतंय ते."

"दार नीट ओढा, दाजी," मामा पाइप हातात घेऊन ओरडले. "नाहीतर भिजाल आणि माझ्या नावावर लावाल."

"पाणी सोड, मेव्हण्या!"

मामांनी वीस मिनिटं दोन्ही पन्हळींवर आणि काचेच्या वर धार धरली. काचेतून आजोबा मान वर करून बसलेले दिसत होते. मग मी टॉवेल सोडून पुन्हा काट्यावर ठेवला.

आधी तीनशे शहाऐंशी ग्रॅम. नंतर तीनशे सत्त्याऐंशी.