हिस्केचा तारा आणि माझी हाकाटी

मी एक डिटेक्टर बोलतोय. आकारानं नखाएवढा, पण नखरे राजघराण्यातले.

लायडन शहरातल्या प्रयोगशाळेत वुब्बो नावाच्या शास्त्रज्ञानं मला घडवलं. दूरच्या ताऱ्याकडून आलेला क्ष-किरणांचा एकेक कण अंगावर झेलायचा, त्याची इवलीशी ऊब ओळखायची आणि 'आला' म्हणून ओरडायचं, हे माझं काम. एवढीशी ऊब कळावी म्हणून मला अशा थंडीत ठेवतात की तिच्यापुढे बर्फसुद्धा गरम वाटावा. वुब्बो मला इतका जपायचा की शेजारच्या खोलीत कुणी दार आपटलं तरी त्याची हजेरी घ्यायचा.

मग मला उपग्रहात बसवून वर पाठवलं आणि माझी पार दुर्दशा झाली. कारण वैश्विक किरण, म्हणजे अवकाशात सुसाट धावणारे कण. ना दार वाजवणं, ना विचारपूस. भिंतीतून आरपार येतात, मला धक्का देतात आणि निघूनही जातात. धक्क्यानं मी तापतो आणि सवयीनं ओरडतो, 'आला'. माझ्या खाली एक पहारेकरी डिटेक्टर बसवलाय. 'हा घुसखोर होता, मोजू नका' असं त्यानं सांगायचं. बहुतेकांना तो पकडतोही, पण कडेकडेनं निसटणारे त्याच्या हाती लागत नाहीत आणि त्यांचं खापर माझ्या डोक्यावर फुटतं.

खालच्या, पृथ्वीवरच्या बातम्या मला पुरवतो माझा जुळा भाऊ. वेळप्रसंगी उपयोगी पडेल म्हणून बनवलेला तो लायडनच्या कपाटात बसून आहे. कान देऊन ऐकण्याखेरीज त्याला दुसरा उद्योग नाही.

वुब्बोच्या जोडीला काम करणारी हिस्के माझे आकडे तपासते. आकाशाच्या एका काळोख्या कोपऱ्यात विझत आलेला तारा असणार, असं ती वर्षानुवर्षं म्हणायची आणि लोक हसायचे. तिनं मला तिकडे वळवलं. मी ओरडलो, पुन्हा ओरडलो. हिस्केचा आनंद गगनात मावेना. सोमवारी ती जगाला सांगणार होती. आईला मात्र तिनं आधीच सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात माझा वाढदिवस आला, म्हणजे उड्डाणाचा दिवस. आमच्या लायडनमध्ये वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचं करतात, आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानंच आणायचा. मी कुठून आणणार? माझ्या वतीनं वुब्बोनं सफरचंदाचा केक आणला. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसून सगळे एकमेकांना म्हणत होते, "डिटेक्टरबद्दल अभिनंदन हं."

"पोराला आज सुट्टी," म्हणून वुब्बोनं मला रिकाम्या आकाशाकडे वळवून ठेवलं. बंद करायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिस्केनं आकडे पाहिले.

"वुब्बो, काल हा कुठे बघत होता?"

"कुठेच नाही. तिथे काही नाहीच."

"मग हा ओरडला कशाला? माझ्या ताऱ्याकडे बघून ओरडतो ना, अगदी तेवढाच."

वुब्बोनं दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहिले. "घुसखोर," तो म्हणाला. "तुझा तारा गेला, हिस्के."

"तुझं पोरगं थापाडं आहे."

"थापाडं नाही गं. घाबरट आहे."

हिस्केनं सोमवारची घोषणा रद्द केली आणि आईला फोन लावला.

"म्हणजे तिथे काहीच नाही?" आईनं विचारलं.

"काहीच नाही."

"आणि मी बेकरीत सांगून बसलेय. आता अख्ख्या गावाला माहीत आहे."

"मग नाही म्हणून सांग त्यांना."

"मी नाही सांगणार बाई. इथे बाराही महिने ढग, कोण बघायला जातंय? राहू दे तो तारा गावापुरता."

हिस्के हसली आणि हसता हसता रडली. मला फार वाईट वाटलं.

आता मला अधूनमधून मुद्दाम रिकाम्या आकाशाकडे वळवतात, माझं उगाचचं ओरडणं मोजतात आणि एकूण आकड्यातून वजा करतात. त्यांचं काही चुकत नाही.

पण काल त्या काळोख्या कोपऱ्याकडे बघताना एक कण आला. धक्का नाही, घाई नाही, अंगावर अलगद टेकला. इतकी वर्षं मार खाल्ल्यावर मला आता फरक कळतो. तो ताऱ्याचा होता. मी जीव तोडून ओरडलो, 'आला'. माझ्याकडे तेवढा एकच शब्द आहे. हिस्केनं तो खोट्यात टाकला.

थापाडा म्हणून मला बंद करू नका हो. तारा तिथे आहे.